खातं दुसऱ्याकडे उघडं आहे

निपाणीत, तंबाखूच्या वखारीवरचा मजला.
खाली पोती, वर आमची पतसंस्था, मधे लाकडी जिना.
जिना चढताना माणूस दोनदा शिंकायचा
आणि मगच कर्ज मागायचा.

तीन कॉम्प्युटर होते, तिघांत तीन व्याजं.
प्रोग्रॅम एकच, पण फ्लॉपीवरून उतरवलेला
ज्याचा त्याच्याकडे, ज्याच्या त्याच्या महिन्यातला.
सत्यव्वा कांबळेची शिल्लक माझ्याकडे अकराशे,
शिवलीलाकडे नऊशे साठ,
मगदूम अण्णांच्या पडद्यावर तर ती बाई नव्हतीच.

मग हुबळीहून ईराप्पा आला.
खांद्यावर काळ्या केबलचं वेटोळं,
बैल सुटून गेलेल्या माणसाकडे दावं उरावं तसं.
भिंतींना भोकं पाडली, दोन्ही टोकांना
बोंडाएवढी टोपणं बसवली. "ही काढलासा तर समदं मरतंय बगा."
चौथं मशीन कपाटाशेजारी ठेवलं.
"प्रोग्रॅम आता फकस्त हितं. ताट एक, जेवणारं तिघं.
पर एका घासाला एकच हात."

घासाचं आम्हाला सोमवारी कळलं.
खातं मागितलं की पडदा म्हणायचा, दुसऱ्याकडे उघडं आहे, थांबा.
म्हणायचा इंग्रजीत. आम्ही ऐकायचो आपापल्यात.
मी ओरडायचो, "सोडा की ओ!"
पार्टिशनपलीकडून शिवलीला, "बिट्टे री, बिट्टे!"
खाली हमाल वजनं ओरडत, वर आम्ही माणसांची नावं.
लेजरच्या काळी हे नव्हतं.
वहीत एक बोट माझं असायचं, एक तिचं,
मधल्या पानांवर अण्णांच्या तपकिरीचे डाग.

शनिवारी साडेचारला सत्यव्वा वर आली,
खालच्याच वखारीतून, चाळणीच्या धुळीसकट.
चारशे रुपये पायजेत. कशाला, ते तिनं सांगितलं नाही.
खातं मागितलं. उघडं आहे. कुणाकडं?
शिवलीलानं दोन्ही हात वर केले.
अण्णांची खुर्ची रिकामी, पाठीवर तेवढा पंचा.
कीबोर्डला कुलूप, आणि अण्णा चिकोडीच्या गाडीला.

मी पळालो. गाडी स्टँडातून हललेली.
खिडकीला धरून पळत म्हटलं, अण्णा, पासवर्ड!
ते लाजले, चारचौघांत बायकोचं नाव घ्यायला लावल्यासारखे.
मग वाकून, तोंडाला हात लावून,
"गावाचं नाव."
गाडी वळली.

गाव एकसंबा. मी ई, के, ए असं सुरू केलं. नाही.
शिवलीला म्हणाली, आमच्यात यक्संबा, वायपासून घाला. नाही.
तीनदा चुकलं तर ईराप्पा हुबळीहून येईपर्यंत बंद.
मैलाच्या दगडावर एक गाव, गाडीच्या पाटीवर दुसरं,
आणि अण्णांच्या मनात कुठलं,
ते गाडीबरोबर गेलेलं.

काउंटरवर कोपर टेकून सत्यव्वा बघत होती.
"यक्संब्याचंच न्हवं? त्या मालाच्या पोत्यावर फुली असतीया."
कसली फुली?
"फुली ओ, फुली. मला वाचाय येत न्हाई,
पर फुली वळकतो की मी. पयल्या अक्षराच्या म्होरं."
शिवलीलानं ई घातला, मग फुली, मग अडखळत बाकीचं.
आणि कुलूप निघालं.

खातं तिचंच उघडं होतं. नावात एक व्ही कमी होता,
तो घालायला अण्णांनी उघडलं असणार,
घातला होता, आणि गाडीची वेळ झाली.

चारशे रुपये. अंगठा दिला तिनं, कागदावरच,
शाईच्या आत तंबाखूचा दुसरा रंग.

सोमवारी अण्णांनी पासवर्ड बदलला.
कुठला ते सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.
फक्त पुढे, रोज, गाडीला निघालेले अण्णा
अर्ध्या जिन्यातून माघारी यायचे,
पडद्याकडे एकदा बघायचे, शिंकायचे,
आणि पंचा पुन्हा खुर्चीवरच विसरायचे.